जावयाचा बाण

कालुंगू, १४ ऑगस्ट

प्रिय नान्तेझा,

अनेक आशीर्वाद. गुडघा आता बरा आहे, मटोकेच्या केळीचे घडही चांगले आलेत. पत्र हातानं का लिहितेय, ते पुढे कळेलच.

चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही संगणकावर उतरवून महिनाअखेर द्यायची होती, आणि संगणक रोज अडकायचा. इथे दुरुस्ती करणारं कुणी नाही. शेवटी लुबेगालाच विचारलं. मार्चमध्ये तू त्याचं घर सोडलंस, माहीत आहे. रागावू नकोस.

पण आपल्या रीतीत सासू-जावई एका खोलीत बसणार कसे? अकरा वर्षं तो मला भिंतीआडून नमस्कार करतोय. म्हणाला, "आई, मी कंपालातूनच तुमचा संगणक चालवतो." त्यासाठी तीन प्रोग्राम लावून पाहिले. पहिल्यात त्याच्याकडे चित्र उमटेपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. दुसरा दर पाच मिनिटांनी तुटायचा. तिसरा आपल्या गावच्या नेटवर जमला, पण रंग कमी करावे लागले आणि पडद्यावरचा तुझा फोटो काढावा लागला. "भारी पडतोय," म्हणाला. मी म्हटलं, "कुणाला?" त्याचा बाण पडद्यावर पुढच्या कामाला लागला.

तुझ्या आत्याबाई म्हणाल्या, "भिंतीपलीकडचा जावई थेट घरात घेतलास की गं." हसलो दोघी.

आता खरं सांगते. गेल्या मंगळवारी पडद्यावरचा त्याचा बाण हलेना. मला वाटलं, नेट गेलं, आता त्याला काही दिसत नसणार. म्हणून संगणकात साठवलेला तुझा ईमेल उघडला. तुला दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय आणि लुबेगाला कळता कामा नये, असं लिहिलेला. मला दिसतं ते त्यालाही दिसतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. नेट गेलं नव्हतं गं, नुसतं मंद झालं होतं. थोड्या वेळानं बाण हळूच कोपऱ्यात गेला आणि त्यानं तुझा ईमेल बंद केला. एक शब्द लिहिला नाही. फोनही नाही.

तू विश्वासानं सांगितलंस आणि मी घालवून बसले. चूक माझीच. फार वाईट वाटतंय.

नोंदवही काल पूर्ण झाली. आज सकाळी संगणक उघडला, तर तुझा फोटो पडद्यावर परत लावलेला. आता लुबेगा जोडला गेला की सगळं रखडत चालणार. रखडणार हे त्याला माझ्याहून जास्त कळतं.

त्याच्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. फोटो मात्र मी काढणार नाही.

तुझं गुपित राखता न आलेली,
तुझी आई