तांदूळ निवडायची नोकरी

मस्कत, नोव्हेंबर १९८६

प्रिय मजीद,

तुझं पत्र काल पोचलं. आईने जेवण टाकलंय हे वाचलं आणि हातातला भाताचा डाव तसाच राहिला. इथे मेसमध्ये मी रोज शेकडो माणसांना भात घालतो आणि तिकडे माझी आई ताट परत करते, हा कुठला न्याय रे? पोस्टाने उत्तर पोचायला फार वेळ लागेल, म्हणून हे पत्र इथल्या मेसमधल्या रमजानच्या हाती देतोय. तो शुक्रवारी सुट्टीवर निघतोय. सोबत अत्तराची बाटली आहे, ती अजराभाभीला. तू लावून दुकानात बसलास तर गिऱ्हाईक पळेल.

तू विचारतोस, काकीला खरं काय ते सांगून टाकू का? तुझाही जीव मेटाकुटीला आलाय, कळतं मला. पण नको, मजीद. आठव, विहिरीवर पडून तिचा खुबा मोडला तेव्हा काय झालं होतं. घरात करणारं कोणी नाही, माझी सुट्टी संपत आलेली. तलाठी बिचारा निराधारांच्या यादीत नाव घालतो म्हणाला, तर पडल्या पडल्या त्याच्या अंगावर ओरडली, "माजा पोरगा जिता हाय, मंग मी निराधार कशी?" रत्नागिरीच्या वृद्धाश्रमाचं नाव काढलं तर भिंतीकडे तोंड करून निजली. फुकटचं खाणार नाही, एवढंच. काजूच्या कारखान्यात बिया फोडून बोटं काळी करून घेतली, पण कोणाच्या दारचा घोट फुकट घेतला नाही तिने. लग्नाच्या पंगतीला गेली तरी आधी टोपं घासायची, मग पानावर बसायची. मी हात टेकले होते. तेव्हा तूच सहज बोलून गेलास, "काकी, त्या आश्रमात तांदूळ निवडायला बाई हवी आहे. राहून-जेवून पगार." आणि ती उठून बसली. शाळेपासूनचा थापाड्या तू, पण त्या थापेने माझी आई जगवलीस.

मी ड्राफ्ट तुझ्या नावाने पाठवायचा, तू आश्रमाचे पैसे भरायचे, आणि त्यातलेच थोडे आश्रम चालवणाऱ्या भिकाजीरावांनी एक तारखेला आईच्या हातावर पगार म्हणून ठेवायचे, हे किती सुरळीत चाललं होतं. तिथली काशी स्वयंपाकीण तर रोज सकाळी स्वच्छ तांदळात मूठभर खडे कालवते, आईला काम असावं म्हणून. इथला तांदूळ गोणीतून थेट टोपात पडतो, एक खडा सापडत नाही. ते बघून मला दर वेळी आई आठवते.

आणि पगाराचं ती काय करते, ते तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा मी भांडी घासायच्या जागी जाऊन रडलो होतो. लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवते, पोराला परत आणायच्या तिकिटासाठी! तिचा पगार चालू राहावा म्हणून मी इथे, आणि मला आणायचं म्हणून ती तो पगार साठवते.

आता तिची नजर गेली, हात कापतात. पंगतीत कुणा म्हाताऱ्याच्या दाताखाली खडा आला, तो ओरडला, आणि आईने ऐकलं. त्याच दिवशी त्या महिन्याचा पगार भिकाजीरावांना परत केला आणि ताट सरकवलं. काशीने कालवलेला खडा तिला दिसला नाही, यात तिचा काय दोष? पण तिला ते कसं सांगणार! सांगितलं तर तिचं निवडलेलं सगळं खोटं होईल. इतके दिवस आपण दुसऱ्याच्या अन्नावर होतो, हे मनात घेऊन ती जाईल. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं तेही वाचलं. पासपोर्ट कंपनीकडे आहे. हातापाया पडलो, पण उन्हाळ्याआधी सुट्टी नाही म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत ती थांबणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

काल गुरुजी आठवले, आमच्या शेजारचे. निवृत्त झाल्यावर दिवसभर पडवीत बसून चहा प्यायचे. मी एकदा त्यांना ऐतखाऊ म्हणालो तर आईने पाठीत धपाटा घातला होता. "जलमभर काम केलंया त्यांनी. आता बसून खायचा हक हाय त्यांचा." तिच्या लेखी बसून खाणारा मानाचा माणूस एकच, पेन्शनवाला.

म्हणून हे पत्र. नोकरी तू लावलीस, आता तिला निवृत्तही तूच कर. भिकाजीरावांना सांग, सगळ्यांना गोळा करा, आईला खुर्चीवर बसवा, शाल आणि नारळ द्या. तिने निवडलेल्या तांदळाबद्दल काशीला दोन शब्द बोलू दे. मग सांग, काकी, तुला पेन्शन लागली, मरेपर्यंत. पहिली पेन्शन तिथेच हातात दे आणि लगेच ताट वाढ. मग ती लुगड्याची गाठ सोडेल आणि साठवलेले पैसे तुझ्याकडे देईल, माझ्या तिकिटाला. नको म्हणू नकोस. घे, आणि ड्राफ्टच्या पैशांत मिसळू नकोस. मी येईन तो तिच्याच पैशांनी येईन, मग माझी वाट बघायला ती असो वा नसो. जेवली की कळव.

तुझाच,
सदू