गावसभेतलं नागरिकशास्त्र

ती. अर्लीनताईस,

धाकट्या लायमनचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? ॲरिझोनात मार्च महिन्यात लोक अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून फिरतात असं तू लिहिलंस, ते मी इथे कुणाला वाचून दाखवलं नाही. इथे कुंपणाचे खांब अजून बर्फात आहेत आणि माणसं आधीच चिडलेली आहेत. मेपलचा रस यंदा चार दिवस लवकर सुरू झाला. भट्टी पेटवून पहिल्या पाकाचे दोन डबे तुझ्या नावाने बाजूला ठेवले आहेत. (एक डबा. दुसरा मरिएलने पॅनकेकवर ओतला. नात आहे, बोलता येत नाही.) बाकी सगळं क्षेम आहे, फक्त क्लेटन बेमिस माझ्याशी बोलत नाही. पंचावन्न वर्षांची दोस्ती आमची. ती कशी तुटली हे तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, कारण बाहेरचे लोक खरं सांगतात.

सगळ्याच्या मुळाशी थिबो बाई आहेत. आपल्या शाळेत वरच्या वर्गातल्या मुलांना त्या कॉलेजच्या तोडीचं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतात. मे महिन्यात बाहेरून पेपर येतो, पाचपैकी गुण मिळतात, तीन मिळाले तर बरीच कॉलेजं तो विषय झाला असं धरतात. चांगली गोष्ट आहे, माझी काही हरकत नव्हती. पण मरिएल त्या वर्गात जायला लागली आणि आमच्या घरात जेवणं अवघड झालं. बाईंनी पोरांना शिकवलंय, की कुठलाही जुना कागद हाती आला की आधी विचारायचं : लिहिणारा कोण, कुणासाठी लिहिलं, आणि त्यात त्याचा फायदा काय? कागदापुरतं ठीक आहे गं. ही पोरगी मला विचारते! मी म्हटलं, डॉक्टरांनी लोणी खायला हरकत नाही असं सांगितलंय. तर म्हणे, "आजोबा, हे तुमच्याशिवाय आणखी कुणी ऐकलंय का?" आता डॉक्टरांच्या खोलीत मी आणि डॉक्टर दोघंच होतो, आणि डॉक्टरांनी नेमकं काही वेगळंच ऐकलं होतं.

तेही मी पोटात घातलं असतं. पण तिने बाबांना हात घातला. मोठ्या पुरात आपले बाबा पुलावर सहा तास दोर धरून उभे होते, ही गोष्ट मी दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना सांगतो, हे तुला माहीत आहे. (गेली काही वर्षं नऊ तास झाले होते.) मरिएलने गावाच्या कचेरीत जाऊन त्या वर्षीची नोंदवही काढली. पुलावर कोण कोण होतं त्याची अकरा नावं, आणि खाली स्वच्छ अक्षरात बाबांबद्दल : 'अँब्रोज स्टॉडर्ड गैरहजर, गाय शोधण्यास गेले आहेत.' गेल्या नोव्हेंबरात टर्की कापताना मला काही बोलायलाच उरलं नाही. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. आठवत असेल तर मला सांगू नकोस.

त्यामुळे मार्चच्या गावसभेपुढे बेमिसने थिबो बाईंचा हा वर्ग बंद करण्याचा ठराव आणला, तेव्हा मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. त्याचं म्हणणं, पुढच्या वर्षासाठी फक्त आठ पोरांनी नावं दिलीत, आठ पोरांसाठी एवढा थाट कशाला. वर्ग गेला की बाईंना अर्धंच काम उरणार, म्हणजे त्या गाव सोडणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी गेली सव्वीस वर्षं सभेचा अध्यक्ष. अध्यक्षाने कुणाची बाजू घ्यायची नसते. मी घेतली नाही, फक्त बेमिसला म्हटलं, नेहमीसारखं करू. नेहमीसारखं म्हणजे असं, की चर्चा लांबली की बेमिस मागून ओरडतो, "मत घ्या!" आणि मी हातोडा आपटून मत घेतो. रस्त्यावरच्या खडीपासून अग्निशमनाच्या बंबापर्यंत या गावाचं सगळं त्याच्या घशावर आणि माझ्या हातोड्यावर चाललंय.

मंगळवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत विणकाम करणाऱ्या बायका, मागच्या भिंतीला टेकून पुरुष, खाली स्वयंपाकघरात दुपारच्या गावजेवणासाठी बीन्सची भांडी भट्टीत लागलेली. जानेवारीत अठरा पूर्ण झालेली मरिएल मतदारांच्या खुर्च्यांवर बसली होती, सोबत त्याच वर्गातली तिघं. पाऊण तास झाला, साडेअकरा वाजले, बीन्सचा वास वर आला. बेमिस ओरडला, "मत घ्या!" मी हातोडा उचलला.

"अध्यक्ष महाराज," मरिएल उभी राहून म्हणाली. (घरी मला ती 'आजोबा, टेबलावरचे पाय खाली घ्या' म्हणते.) "चर्चा थांबवायची असेल तर आधी त्यावर मत घ्यावं लागतं, आणि तिनातले दोन लोक बाजूने लागतात."

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तुमच्या जन्माच्या आधीपासून."

विणणाऱ्या बायकांचे टाके सुटले, इतक्या त्या हसल्या. तिनातले दोन काही मिळाले नाहीत आणि चर्चा चालू राहिली. मी लालेलाल. तेवढ्यात मागच्या दाराशी थिबो बाईंनी हात वर केला. माझ्या डोक्यात संताप होताच, मी म्हटलं, बाई नदीपलीकडच्या गावात राहतात, इथल्या मतदार नाहीत, सभेतल्या तिनातल्या दोघांनी परवानगी दिली तरच त्यांना बोलता येईल. हे मी कुठल्याही नियमाला स्मरून बोललो नाही, ताई. बापाचा सूड म्हणून बोललो. मत घेतलं, आठ-दहा हात कमी पडले. मग जो गोंधळ झाला! पोस्टातली विनी टटल खुर्चीवर चढून म्हणाली, "लायमन, लाज वाटू दे! बाईचीच नोकरी जातेय आणि बाईलाच तोंड नाही? जेवताना बघते तुला!" सगळे माझ्यावर तुटून पडले. बेमिससुद्धा घाबरून म्हणाला, "अरे, बोलू दे तिला, दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

मरिएल परत उभी राहिली. मी डोळे मिटले.

"अध्यक्ष बरोबर आहेत," ती म्हणाली. "कायदा असाच आहे. आम्हाला पटला नाही तर तो बदलायचा, मोडायचा नाही. हे आम्हाला थिबो बाईंनीच शिकवलंय."

बाईंनी हात खाली घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मला बघवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी नियमाने वागलो होतो, तेही चुकून, आणि ते सिद्ध करणारी पोरगी त्याच नियमाने स्वतःच्या बाईंना गप्प बसवून बसली होती. मला लाज वाटली, ताई. विनीमुळे नाही.

बेमिसला मात्र जोर आला. तो म्हणाला, "मग निदान दहा तरी डोकी आणा! पोरं मिळत नसतील तर गावातली म्हातारी बसवा वर्गात!" मरिएल म्हणाली, "हीच दुरुस्ती मी मांडते. गावातल्या कुणालाही बसता यावं, आणि दहा झाले नाहीत तर वर्ग बंद." विनीने अनुमोदन दिलं, लोकांनी हसत हसत दुरुस्ती मंजूर केली, आणि बेमिसला कळलंच नाही की त्याने काय बोलून ठेवलं. आता ठराव असा झाला, की वर्ग सरळ बंद करायचा की दहांची अट घालून चालू ठेवायचा. सात जणांनी गुप्त मतदानासाठी चिठ्ठ्या मागितल्या, आणि सात जणांनी मागितल्या की त्या द्याव्याच लागतात. मोजल्या. बंद करा : सत्तावन्न. चालू ठेवा : सत्तावन्न.

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. बेमिस तर माझ्याकडे बघून मान डोलावत होता. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "अध्यक्षाचं मत : चालू ठेवा." बेमिस खाली गेला, बायकोने गावजेवणासाठी केलेला ॲपल-पाय टेबलावरून तसाच उचलला आणि घरी निघून गेला. माझ्यावरचा राग समजू शकतो, पण त्या ॲपल-पायवर गावाचा हक्क होता.

असो. प्रकृतीला जप, उन्हात टोपी घाल.

तुझा,
लायमन

ता. क. घरी येताना मरिएल म्हणाली, "आजोबा, मतं समान पडली की वर्ग बंद करायची सूचना आपोआपच पडते. तुमच्या मताची गरज नव्हती." मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललीस? तर म्हणे, "तुम्ही उभे राहून इतके छान दिसत होता." बेमिसला हे माहीत नाही. कळलं तर दोस्ती पुन्हा होईल, पण माझं आयुष्यातलं एकुलतं एक शौर्य जाईल. त्याच्या बायकोशी फोनवर बोलताना सांभाळ.

ता. क. २. खरं काम राहिलंच. ऑगस्टअखेर दहा नावं हवीत. आठ पोरं आहेत, नववा मी. नाव द्यायला शाळेत गेलो तर तिथे जुनी रजिस्टरं रचून ठेवली होती, म्हणून तुझ्या वर्षाचं काढलं. इतिहासात वर्गात पहिली. पुढे लिहिलंय, 'आई वारल्याने घरी गरज, नाव काढले.' तू सोळा वर्षांची, मी सहा. तुला शाळेचा कंटाळा होता म्हणून सोडली, असं तू मला सांगायचीस, आणि मी त्रेसष्ट वर्षं तेच खरं धरून तुझ्या हातचं जेवलो. ताई, तू उन्हाळ्यात येतेसच, घरही तुझं इथेच आहे. यंदा पानगळीला परत जाऊ नकोस. फॉर्म सोबत जोडलाय. सगळं भरलंय, फक्त सही राहिली आहे. 'आधीचे शिक्षण' या रकान्यात मी 'अपूर्ण' न लिहिता 'चालू' असं लिहिलंय. कुणी विचारलंच तर सांग, भावाने लिहिलं.