फ्रीझर बोटीनं येतोय

लेइमातुआ, वावाउ बेट
शनिवार, १० सप्टेंबर २००५

चि. सामिसोनी यास लेसिएलीताईचे आशीर्वाद.

देवाच्या दयेनं इकडे ठीक. यांचा गुडघा धरलाय, तरी कोंबड्यांना दाणा स्वतःच घालतात. चर्चच्या आम्हा बायकांच्या कोंबड्या आता चांगल्या अंड्यावर आल्यात. प्रार्थनेत तुझं नाव रोज घेते.

तू पाठवलेला फ्रीझर बघायला सगळं गाव येऊन गेलं. आमच्या कोंबड्यांवाल्या बायकांतली लावीनिया म्हणाली, "भाऊ सभागृहात बसला की बहिणीच्या घरी बर्फ पडतो हो." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग रेडिओवर तुमच्या सभागृहातल्या गुरुवारच्या मतदानाची बातमी लागली, तेव्हा कुणी माझ्याकडे बघेना. परदेशी अंड्यांवरची जकात उठली तर आमची अंडी कोण घेणार, हे त्यांनाही कळतं.

तू फोनवर म्हणालास, "ताई, आपण दार उघडल्याशिवाय जगाच्या बाजारात कोण बसू देईल?" असेलही. मी मॅट्रिक झालेली बाई, जगाचं मला काय कळणार. पण मी फ्रीझरची पावती मागितली, तर तू यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागलास. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

मंगळवारी फ्रीझर पुसताना मागचा चिकटवलेला कागद ओला होऊन सुटला. खाली तुमच्या बंदरावरच्या शीतगृहवाल्यांचं नाव रंगवलेलं. परदेशी अंडी आणायला टपलेत, तेच ना?

खोटं कशाला सांगू, कागद मी परत चिकटवला. काल पाद्रीबाबांना त्याच फ्रीझरमधली मासळी वाढली. त्यांनी आशीर्वाद दिला. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

बहिणीनं मागितलं की भावानं नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. आजवर मी काही मागितलं नाही; तुझ्या पोरीच्या लग्नात आत्याचा मान म्हणून मिळालेल्या चटयाही मी वाटून टाकल्या होत्या. आज मागते. गुरुवारी हात वर करण्याआधी उभा राहा आणि फ्रीझर कुणी दिला ते सांग. मग मत कुठंही दे. आणि तू विकत घेतला असशील, तर पावती दाखव. मी बायकांसमोर तुझी माफी मागेन.

पत्र विमानानं पाठवतेय. फ्रीझर बुधवारच्या बोटीत चढेल, गुरुवारी सकाळी तुमच्या धक्क्यावर उतरेल. कागद काढलाय. लोकांनी खालचं नाव वाचायच्या आधी तू बोललास तर बरं.

गुरुवारपर्यंत तरी तुझ्याच बाजूची,
लेसिएलीताई