वरच्या घराची मागची भिंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षं बाहत्तर, धंदा घरं दाखवण्याचा आणि विकून देण्याचा, सध्या मुक्काम टेकडीवरचं घर, ज्याला सगळे 'वरचं घर' म्हणतात, हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट, लिहू नकोस म्हणून मुलाने तीनदा फोन केला. पाच वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते या लेखाने रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट गाळली होती.

कलम १. माझ्या मालकीचं जे आहे ते असं: बाजाररस्त्यावरचा एक गाळा, ज्यात माझं ऑफिस आहे, वरचं घर आणि त्याभोवतीची जागा, बँकेतली शिल्लक, माझ्या नवऱ्याची, म्हणजे मिस्तरींची, गवंडीकामाची हत्यारं. मिस्तरींनी स्वतः बांधलेलं, आम्ही जन्मभर राहिलो ते खालचं घर या यादीत नाही. ते का नाही, हे कलम चारमध्ये येईल. खरं तर त्या एका कलमासाठीच बाकीची कलमं लिहिते आहे.

कलम २. ऑफिसातल्या फळीवर एकेचाळीस चाव्या टांगलेल्या आहेत. त्या माझ्या नाहीत. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आहे, त्यावरच्या पत्त्यावर त्या परत पाठवाव्यात.

मला लोक 'चावीताई' म्हणतात ते याच्यामुळे. आमचा भाग स्वस्त, कारण इथे काम नाही. तरुण माणसं पोटामागे निघून जायची आणि जाताना घराची चावी माझ्याकडे टाकायची, कारण आमचं घर बसथांब्याच्या वाटेवर. पुढे उलट शहरातूनच माणसं यायला लागली. शहरात गाडी उभी करायला जेवढी जागा मिळते, तेवढ्या किमतीत इथे अंगणासकट घर मिळतं, हे कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. थांब्यावर उतरून विचारायची, "इथे कुठलं घर विकायचंय का हो?" चावी माझ्याच हातात. दारं उघडून दाखवता दाखवता धंदा झाला. सव्वीस वर्षांत दोनशेच्या वर घरं मी विकून दिली.

या धंद्याची अक्कल मला कुणी शिकवली नाही. घर सकाळी दहाला दाखवायचं, तेव्हा ऊन स्वयंपाकघरात आलेलं असतं. ओल आलेल्या कोपऱ्यात कपाट उभं करायचं. आणि एखादी भिंत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत यायला नको असेल, तर आपणच तिला पाठ लावून उभं राहायचं आणि समोरच्या खिडकीतला डोंगर दाखवायचा. यात गुन्हा काही नाही, असं मी स्वतःला बजावत आले.

कलम ३. मिस्तरींची सगळी हत्यारं, म्हणजे थापी, रंधा, ओळंबा, पाणसळ आणि लोखंडी पेटी, पाटीवालीला द्यावीत. तिने वीस वर्षं मिस्तरींच्या हाताखाली मालाची पाटी उचलली आणि बघून बघून हात बसवला. आज ती त्यांच्यापेक्षा सरळ गिलावा करते. मिस्तरी हे तिच्या तोंडावर कधी बोलले नाहीत. घरी बोलायचे. तिला हे कळावं.

कलम ४. वरचं घर माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं होतं. आक्काला मुलाकडे शहरात जायचं होतं आणि घर दोन वर्षं विकलं जात नव्हतं. मागच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती. आक्का मला स्वच्छ म्हणाली होती, "भेग दरवर्षी उघडते. घेणाऱ्याला सांगून दे. कमी आले तरी चालतील." मी सांगत होते. तीन गिऱ्हाइकं भेग बघून गेली ती गेलीच. गावात बोलणं सुरू झालं की चावीताईला सख्ख्या बहिणीचं घर विकता येईना. ते मला लागलं.

मिस्तरींनी भेगेवर सिमेंटने काचेची एक पट्टी बसवली होती. भिंत हलत नसेल तर काच टिकते. महिन्याने ते मला घेऊन गेले. काच मधोमध फुटली होती.

"टेकडी सरकतेय," ते म्हणाले. "ही खोली पाडायला हवी."

"बुजवून टाका आणि रंग द्या," मी म्हणाले.

"भिंत बोलतेय आणि तू तिच्या तोंडात बोळा कोंबतेस?"

"तुम्ही नाही केलंत तर दुसरा गवंडी करेल."

त्यांनी केलं. बुजवलं, जाळी मारली, गिलावा केला, फिकट पिवळा रंग दिला. त्यानंतर माझ्या कुठल्याही घराच्या कामाला त्यांनी हात लावला नाही, आणि का, हे मी कधी विचारलं नाही.

घर घेतलं ते एका जोडप्याने. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांचे यजमान बस चालवायचे, ते ड्रायव्हरभाऊ. सगळा जन्म दोघांनी भाड्याच्या खोल्यांत काढला होता. घर बघताना ड्रायव्हरभाऊंनी चपला बाहेर काढल्या आणि मागच्या खोलीत मध्यावर उभे राहून म्हणाले, "ही माझी दुपारची झोपायची खोली." मी भिंतीला पाठ लावून उभी होते. रंग अजून ओला असेल की काय, या भीतीने पदर पुढे ओढून घेतला होता.

तिसऱ्या वर्षी सलग आठ दिवस पाऊस लागला आणि दुपारी तीनच्या सुमारास ती भिंत आत पडली. ड्रायव्हरभाऊ झोपलेले होते. जीव वाचला. डावा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

आक्काने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "त्यांना सांगितलं होतंस ना?" मी म्हणाले, "सांगितलं होतं."

भिंत पडण्याच्या आदल्या आठवड्यात ड्रायव्हरभाऊंनी त्या भिंतीवर फळी बसवण्यासाठी चार खिळे ठोकले होते. खिळ्यांनी भिंत खिळखिळी झाली, आपल्याच हाताने आपला पाय गेला, असं त्यांनी धरून ठेवलं. माझ्यापाशीही कितीदा म्हणाले असतील. कुबडी मांडीवर आडवी ठेवून म्हणायचे, "ताई, नको तिथे हौस केली." आणि मी म्हणायचे, "असतं एकेकाचं नशीब, भाऊ." आठ वर्षं मी हे वाक्य म्हणत होते. बाकी जे केलं ते एकदा केलं. हे परत परत केलं.

ते घर पुन्हा विकलं जाणार नव्हतं आणि दुसरं घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. मागची बाजू ताडपत्रीने झाकून दोघं पुढच्या दोन खोल्यांत राहिली.

अडीच वर्षांपूर्वी मिस्तरी अंथरुणाला खिळले. दवाखाना दूर. रोज दोनदा इंजेक्शन. सिस्टर टेकडी उतरून सकाळ-संध्याकाळ यायच्या, चार महिने, एक दिवस चुकला नाही. त्यांचं अंग पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या, पाठीला जखम होऊ दिली नाही. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. चहा एकदाही घेतला नाही. मला वाटायचं, स्वभाव असेल.

मिस्तरी गेले. मी आणखी दोन वर्षं गप्प बसले. मग हे मृत्युपत्र नव्याने करायचं ठरवलं. मनात असं होतं, की खालचं घर सिस्टर आणि ड्रायव्हरभाऊंच्या नावे लिहावं, त्याचं कारणही लिहून ठेवावं, आणि मी गेल्यावर वकिलांनी वाचून दाखवावं. तेव्हा मला कुणी काही विचारणार नव्हतं. वकिलांना मसुदा आवडला. मला दोन रात्री डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन टेकडी चढले.

सिस्टर ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. काच, बोळा, रंग, सगळं. त्यांचा हात सुपात फिरतच राहिला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मिस्तरींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

मला आधी अर्थच लागला नाही. "मग तुम्ही चार महिने..."

"इंजेक्शन त्यांना द्यायचं होतं. तुम्हाला नाही."

मी खाली बसले. त्या म्हणाल्या, "ते रडले. लहान मुलासारखे. म्हणाले, बायकोवर घालू नका, हात माझे होते. मी घरी येऊन यांना सांगितलं. यांचा विश्वास बसेना. म्हणाले, मिस्तरी तापात बडबडले असतील, ताई असं करायच्या नाहीत. दोन वर्षं वाट बघतेय, तुम्ही कधी वर चढता त्याची."

"तुम्हीच का नाही आलात विचारायला?"

"मी का यावं?"



आतून कुबडीचा आवाज आला. ड्रायव्हरभाऊ दारात उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. चिडतील, अंगावर येतील, असं वाटलं. आले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे खिळे नव्हते ना, ताई?"

"नाही भाऊ. खिळे नव्हते. खिळे ठोकले नसते तरी भिंत पडणारच होती."

ते चौकटीला धरून खाली बसले आणि बराच वेळ गुडघ्याच्या वर, जिथे पाय संपतो तिथे, हात फिरवत राहिले.

मी खालच्या घराची गोष्ट काढली. मृत्युपत्रात तुमच्या नावे करते, म्हणाले. सिस्टर पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलल्या. "मेल्यावर? मेलेल्या माणसाला घर लागतच नाही, त्यात देणं कसलं? द्यायचं तर आत्ता द्या. आणि फुकट नको. फुकट घेतलं की तुमचे उपकार होतात. आमचं घर घ्या, तुमचं द्या."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मागच्या महिन्यात आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन अदलाबदलीचा दस्त केला. कारकून म्हणाला, "आजी, किमतीत फार फरक पडतोय, नीट विचार केलाय ना?" दस्तात वरच्या घराचं वर्णन मी स्वतः सांगून लिहून घेतलं: मागची खोली पडलेली, टेकडी सरकती, राहण्यास धोक्याचं. सव्वीस वर्षांत मी सांगितलेलं हे पहिलं पूर्ण वर्णन.

तेव्हा खालच्या घरावर माझा, माझ्या मुलाचा किंवा कोणाही वारसाचा काडीचा हक्क उरलेला नाही. कोणी हरकत घेतल्यास हेच कलम पुरावा म्हणून दाखवावं.

कलम ५. बाजाररस्त्यावरचा गाळा आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलाला. तो मला फोनवर म्हणाला, "आई, बाबांनी बांधलेलं घर तू एका ताडपत्रीवर घालवलंस. लोक काय म्हणतील, आणि मी काय समजायचं?" बाळा, बाबांच्या हातची दुसरीही एक भिंत होती, वरच्या घराची, ती मी तुला कधी दाखवली नाही. गाळ्यात तुला हाच धंदा करायचा असला तर कर. अट घालता येत नाही, असं वकील म्हणाले, म्हणून घालत नाही. फक्त भिंतीला पाठ लावून उभा राहू नकोस.

सुनेने मला एक शब्द न विचारता इथे गादी, कंदील आणि औषधं पाठवली. माझ्या हातातल्या दोन बांगड्या तिला.

कलम ६. आक्काला मी काही ठेवत नाही. तिला काही कमी नाही. तिच्यासाठी एक वाक्य आहे, ते तिला फोनवर नाही, समोर बसून वाचून दाखवावं. आक्का, मी त्यांना सांगितलं नव्हतं.

कलम ७. माझ्यानंतर वरचं घर कोणीही राहायला घेऊ नये, भाड्याने देऊ नये. महिन्याभरात पाडावं. पाडण्याचं काम पाटीवालीला द्यावं, दारं, वासे, कौलं तिची. मोकळी जागा मी गावाला देते, टेकडी धरून ठेवतील अशी झाडं लावण्यासाठी. घर उभं असताना मी त्यात मेले तर चौकशी करण्याचं कारण नाही. पुढच्या खोलीच्या भिंतीवर मी पाटीवालीकडून काचेची पट्टी बसवून घेतली आहे आणि रोज सकाळी बघते. आजपर्यंत शाबूत आहे.

कलम ८. या लेखाचे व्यवस्थापक म्हणून मी तालुक्याच्या वकिलांना नेमते. त्यांनी चौथं कलम गाळायचा सल्ला दोनदा दिला. गाळू नये.

वरचा सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

मुक्काम वरचं घर, पुढची खोली. दिनांक १४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी अकरा.

सही: (चावीताई)

साक्षीदार पहिला: निवृत्त पोस्टमन, राहणार बाजाररस्ता. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: निवृत्त परिचारिका, राहणार खालचं घर. या लेखाने मला किंवा माझ्या यजमानांना काहीही मिळत नाही, म्हणून वकिलांच्या सांगण्यावरून मी साक्षीला आले. लिहिणारी बाई शुद्धीवर आहे, नाडी ठीक आहे, सही तिचीच आहे. चौथं कलम मी वाचलं, ते खरं आहे. मी तिला माफ केलं, असा अर्थ माझ्या सहीचा कोणी काढू नये.