काळ्या सॅकची ओळ

मॅडम, मला भिंतींची भीती वाटायला लागलीय. आता हे ऐकून तुम्ही चष्मा खाली ओढून बघितलं असतं, कारण भिंती बघणं हेच माझं काम आहे. इस्लामपुरात एक पेंटर आहेत, खताच्या, सिमेंटच्या, बियाण्यांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवतात. मी त्यांच्या पुढं जातो. रस्त्यावरून दिसणारी, पोपडे न धरलेली भिंत हेरायची, मोबाइलवर फोटो काढायचा, घरमालकाला गाठून होय म्हणवून घ्यायचं. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. मला तसं आवडतं हे, एका जागी बसायला नको. तुम्ही कायमच्या गेलात तेव्हा मी बारावी अर्धी टाकून पुण्याकडं एका कंपनीत पॅकिंगला होतो. मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेव्हाही मी आलो नाही. त्यालाही आता आठ वर्षं झाली. आज सकाळपासून खोलीची कडी लावून बसलोय. जिन्यात पाऊल वाजलं की पेन थांबतं.

तुमचा दहावीचा इंग्रजीचा तास आठवतो. बाकं ओढून गोल करायला लावायचात, तेव्हा शेजारच्या वर्गातले सर येऊन म्हणायचे, "मॅडम, पंगत बसवलीय का काय?" गटचर्चा म्हणजे काय ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला चर्चा म्हणजे चावडीवरची, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. तुम्ही एकच नियम घातला होता. आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. "सो, यू आर सेइंग दॅट", इथून सुरुवात. आणि समोरचा "येस" म्हणेपर्यंत आपलं काही बोलायचं नाही. मला ते कधी जमलं नाही. माझं आपलं तिसऱ्या शब्दाला "बट मॅडम!" तुम्ही म्हणायचात, "तुला बोलायला येतंय रे, ऐकायला कधी येणार?" पोरं फिदीफिदी हसायची.

भाषणं तपासायला तुम्ही पुस्तकातली कमी आणि बाहेरची जास्त दिलीत. आठवडी बाजारात दंतमंजन विकणारा एक जण यायचा, त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं आणि तो काय काय करतो ते इंग्रजीत लिहून आणायचं, हा गृहपाठ दुसऱ्या कुणी दिला असता का? मी तिथं दोन तास उभा राहिलो. त्यातला एक तास खरं तर शेजारी कोंबड्यांचा सौदा चालला होता, तो बघत होतो. पण लिहून आणलं. तो आधी दात किडल्याची भीती घालतो, मग बाटलीतला किडका दात दाखवतो, मग म्हणतो आजच घ्या. तुम्ही बाटलीवर बोट ठेवलंत. "हे महत्त्वाचं. नुसतं ढोबळ बोललं तर लोक ऐकतात आणि विसरतात. एक वस्तू दाखवली की विश्वास बसतो." मग तुमची ती दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल काढलीत. भाषणात जिथं भीती वाटते तिथं लाल रेघ, जिथं माहिती मिळते तिथं निळी. दंतमंजनवाल्याचं सगळं भाषण लाल झालं.

आणि सांगलीतलं तुमचं स्वयंपाकघर. वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला रविवारी बोलावलं होतंत. सूर्य मावळायच्या आत जेवून घे म्हणालात, ताटात कांदा नाही, लसूण नाही, तरी मी पाच भाकरी खाल्ल्या. स्पर्धेत मी पहिला आलो होतो, तालुक्याला. आता जिल्ह्याला जायचं होतं. भाषणात मी विहिरीत बुडालेल्या माझ्या मित्राची गोष्ट घातली होती, परीक्षक बाईंनी डोळे पुसले होते. तुम्ही ताट उचलता उचलता विचारलंत, "विहिरीत कोण पडलं होतं रे?"

"कुणी न्हाई मॅडम."

"मग रडवलंस कुणासाठी?"

तुम्ही ओरडला नाहीत, त्यानं जास्त लागलं. जिल्ह्याला मला नेलं नाहीत. निघताना ती लाल-निळी पेन्सिल माझ्या खिशात खोवलीत आणि म्हणालात, "दुसऱ्याची भाषणं तपासायला नाही दिली ही. स्वतःचं लिहिलेलं आधी तपास."

आता सांगतो काय झालं ते. गेल्या पंधरवड्यात मी उंब्रजला हायवेच्या कडेला चहाच्या गाड्यावर बसलो होतो. एसटी यायला वेळ होता. आपल्या दहावीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, पोरं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा. दोन ओळींचा, फुसका. असले किती येतात. मी तो पुसला असता, पण मला काय वाटलं देव जाणे, वाटलं की हे फार कच्चं लिहिलंय, असं कुणी वाचत नाही. खरंखोटं माझ्या डोक्यातच आलं नाही मॅडम, ते तुमच्या तासाला बसल्यासारखं झालं. सुरुवातीला मी एक ओळ घातली, "आयांनो, तुमचं लेकरू आत्ता या क्षणी कुठं आहे, सांगता येईल?" मग वस्तू पाहिजे म्हणून इकडंतिकडं बघितलं. समोर बाकावर माझीच सॅक होती. लिहिलं, ओळखायची खूण, तरुण माणूस, खांद्याला काळी सॅक. तीन ग्रुपवर टाकलं. एसटी आली, मी चढलो आणि विसरूनही गेलो.

नंतर चार-पाच दिवसांनी मी मेढ्याच्या वरच्या अंगाला एका गावात आहे. दुपारची वेळ, माणसं रानात. अंगणवाडीसमोर एक भिंत आहे, इतकी सरळ, इतकी पांढरी की मी तहान विसरतो. फोटो काढायला जातो तर पोरं पुढं येऊन उड्या मारतात. त्यांची विटी गटारात गेलेली असते. मी ती काढून देतो, एक टोला मारून दाखवतो, त्यांना मोबाइलवर त्यांचाच फोटो दाखवतो. एवढ्यात पाठीमागून कुणीतरी कॉलर धरतं.

"कुणाच्या पोरांचं फोटू काढतोस रं?"

"पोरांचं न्हाई मामा, भिंतीचं."

"भिताडाचं फोटू कोण काढतंय? येडं समजतोस व्हय आमास्नी?"

माणसं कुठून येतात कळत नाही. रस्ता मोकळा होता, आता नाही. मला पारापाशी ओढत नेतात. पारावर एक रिटायर फौजी उभे आहेत, सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. आवाज असा की लाउडस्पीकर नको. ते हात लांब करून मोबाइल धरतात आणि वाचायला लागतात. "आयांनो, तुमचं लेकरू आत्ता या क्षणी कुठं आहे, सांगता येईल?"

मॅडम, ती माझी ओळ होती. एक बाई पदर सावरत घराकडं पळाली. दुसरी "बाळ्या, आरं बाळ्या" म्हणून हाका मारायला लागली, बाळ्या तिच्या पायाशीच उभा होता. मी बघत होतो. ओळ कसं काम करते ते मी समोर बघत होतो. सुभेदार पुढं वाचत गेले, तरुण माणूस, खांद्याला काळी सॅक. सगळं गाव माझ्या खांद्याकडं बघायला लागलं. पहिली कानफटात कुणी मारली ते कळलं नाही, कान बधिर झाला. एकाच्या हातात कुदळीचा दांडा होता. तोंडातून बट, बट येत होतं, म्हणजे मराठीतलं, "पर मामा, पर आवं." ते ऐकून दांडा आणखी वर गेला. तेव्हा कुठून तरी तुमचा आवाज आला म्हणणार नाही, खोटं होईल ते. नुसती जीभ वळली.

"सुभेदारसाहेब, तुमचं म्हणणं मी सांगू का? चुकलं तर हाणा."

"कसलं म्हणणं?"

"तुमचं म्हणणं असं हाय, की आईबाप रानात जात्यात, पोरं दुपारची गावात एकली ऱ्हात्यात. व्हय का?"

"व्हय."

"मग परका माणूस दिसला तर गावानं इचारायलाच पायजे. व्हय का?"

"व्हय. मग?"

"आन मी कुणाला न इचारता मोबाइल काढला. त्ये माझं चुकलं."

"चुकलंच की!" सुभेदार म्हणाले, पण आवाज एक पायरी उतरला होता. कॉलरवरचा हात ढिला झाला. "बरं, मग तू सांग तुझं."

मी मोबाइल दिला. एका तरुणानं फोटो सरकवत नेले आणि ओरडला, "आयला, भिताडंच हायती गड्या सगळी! नुसती भिताडं!"

"बायकोचा तरी एक ठेव रं," कुणीतरी म्हणालं.

"ह्याला बायको कोण दील?" एक आज्जी म्हणाली आणि माणसं हसली. मी पण हसलो, रडल्यासारखं. मग पेंटरना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पेंटर म्हणाले, "त्ये गाढव कुठं कडमडलंय? सकाळधरनं एक भिंत धाडली न्हाई त्यानं!" त्या शिव्यांनी मी सुटलो. पण सुटलो ते आधी दोन वेळा व्हय आणि एकदा चुकलंच की आलं म्हणून. आणि त्यांचं म्हणणं मला इतकं नेमकं सांगता आलं, कारण ती भीती मीच लिहिली होती.

आज्जीनं तांब्यातून पाणी दिलं. म्हणाली, "कोण लिवत असंल रं असलं? हात झडत न्हाईत का मुडद्यांचं?"

मी म्हणालो, "काय की, आज्जी."

सुभेदार जवळ आले. चष्मा काढून हळूच विचारलं, जसं पोरगं मास्तरला विचारतं तसं, "तू शिकल्याला दिसतोस. खरं असंल का रं ह्ये? पुढं धाडू का नगं?" मॅडम, तेवढा एक क्षण मिळाला होता मला. नको धाडू, खोटं आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. कुदळीचा दांडा अजून भिंतीला टेकवलेला होता. मी म्हणालो, "काय सांगावं."

"मग ऱ्हाऊ दे. सावध असल्यालं बरं," म्हणाले आणि त्यांचा अंगठा माझ्यासमोर हलला. गेला मेसेज पुढं.

तेव्हापासून नीट झोप नाही. गावागावांत माझी ओळ माझ्या आधी पोचलेली असणार, आणि काळी सॅक कुणाकडं नसते? कॉलेजची पोरं, औषधांचे प्रतिनिधी, फण्या-कंगवे विकणारे. त्यांना व्हय म्हणवून घेणं कुणी शिकवलंय? मी दुरुस्तीचा मेसेज आधी कागदावर, मग मोबाइलवर लिहून ठेवलाय. "ती खूण मी मनानं घातली होती, खोटी आहे, माफ करा." तुमच्या पेन्सिलीनं तपासला, सगळा निळा आहे. तीन ग्रुपवर टाकायला तीन सेकंद लागतील. नऊ दिवस तो तसाच पडून आहे.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, कुठं पाठवणार. तेवढ्यासाठीच एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या गावातून सुटल्यावर मी कराडला उतरलो आणि पहिलं काम काय केलं, तर स्टँडसमोरच्या दुकानातून दुसरी सॅक घेतली. निळी. जुनी रिकामी करून स्टँडवरच्या बाकावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसलो. गाडी हलायच्या आधी मान वळवून बघितलं, तर बाकावर ती नव्हती. कुणीतरी उचलून खांद्याला लावली होती.