वाऱ्यानं गेलेली बाग

माय,

काल ह्यांनी हुडकेश्वरच्या आमच्या नव्या घरी लावायला संत्र्याचं एक कलम आणलं. नरखेडकडच्या कुणाच्या तरी बागेतला चिखल तुडवत आले होते. मी फाटकातच अडवलं आणि आधी नळावर पाय घासून धुवायला लावले. "देऊळ आहे का हे?" म्हणून हसले. मी नळ आणखी सोडला. कारण सांगायचं तर पार तुझ्यापर्यंत जावं लागलं असतं, आणि तोवर चहा निवला असता.

ते वर्ष तू विसरली नसशील. आपल्या संत्र्याच्या बागेत नाल्याकडच्या खालच्या ओळींना अंबिया बहार असा आला होता की नुसतं पांढरं दिसे. पानं खरं तर गळून गेली होती, पण फुलं असताना पानं कोण मोजतं? अर्धं गाव पाहून गेलं, तू मीठमोहऱ्या ओवाळून झाडांची दृष्ट काढलीस. मग शेतकीचे साहेब फटफटीवर आले. त्यांनी बुंध्यावरचा डिंक पाहिला, चाकूनं साल खरवडली. आत सगळं तपकिरी, कुजकं, आंबूस वासाचं. "मरायच्या आधी झाड असंच फुलतं," ते म्हणाले. "मुळांना बुरशी लागली आहे. या ओळी आत्ताच काढून जाळा, नाहीतर वरची बागही जाईल." साहेब गेले, बाबा कुऱ्हाड घेऊन आले, आणि तू बुंध्याला पाठ लावून उभी. अजून दिसतेस मला तशी, पदर खोचलेली, केसांत फुलं पडलेली.

"दोन जीवाच्या बाईवर कोनी हात उचलते का जी? फळ उतरू द्या. मंग मीच म्हनीन, तोडा."

"अन् वरची बाग गेली त?"

"काहून जाईन? पानी का चढ चढते? रोग खालीच राहीन. मी पाहून राहिली न."

बाबांचं तुझ्यापुढे कधी चाललंय! कुऱ्हाड गोठ्यात परत गेली. आणि तू खरंच पाहिलंस, त्यात खोट नव्हती. भल्या सकाळी खालच्या ओळीत जायचीस, बुंध्याशी साचलेली माती ओढायचीस, मोरचूद-चुन्याचा लेप लावायचीस. माझ्या ताटात भाकर टाकताना तुझी नखं निळी असायची. तिथलं आटोपलं की तेच फावडं खांद्यावर टाकून, घोट्यापर्यंत चिखलाच्या पायांनी, वरच्या बागेत निंदायला. फळं उतरली ती लिंबाएवढी, जाड सालीची. तू शब्द पाळलास. एकेका झाडाला हळदकुंकू लावलंस आणि म्हणालीस, "तोडा आता." घरात येऊन तोंड फिरवून बसलीस.

पुढच्या वर्षी वरच्या ओळींना डिंक आला. तू बुंध्यांवरून हात फिरवत हिंडायचीस आणि ताटावर बसून न जेवता उठायचीस. साहेब पुन्हा येऊन गेले त्या संध्याकाळी आपण तिघं चुलीपाशी होतो. "साहेब काय म्हने जी? वर कसा गेला रोग?" बाबा ताटातच पाहत म्हणाले, "वाऱ्यानं गेला म्हने." तू बराच वेळ जाळ सारत राहिलीस. "मंग आपल्या हातात नव्हतं." "कोनाच्याच हातात नव्हतं. जेव आता." तेव्हा तू भाकर घेतलीस, आणि मग आणखी अर्धी. बाग गेली, तिथं कापूस आला. दुःख तुला शेवटपर्यंत होतं, पण बोच नव्हती, आणि मला वाटायचं तुझा स्वभावच तसा.

बाबा शेवटच्या वर्षी माझ्याकडे होते. एका दुपारी आपणहून म्हणाले, "वारा नव्हता वं तो. मातीनं गेला रोग. पायाच्या, पावड्याच्या. साहेबानं इचारलं, खालून वर कोन जात होतं? मी म्हनलं, मीच." साहेबांनी त्यांना चांगलंच झापलं म्हणे. मला आधी तुझाच राग आला. मग बाबांकडे पाहिलं आणि रडू आलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तिले सांगू नको." तुला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

आज मात्र सांगून बसले. मामाचं पत्र आलं की तू कामं टाकून माझ्यासमोर बसायचीस आणि मी वाचून दाखवायची. हे पत्र मी वाचणार नाही, तुझ्या फोटोसमोर मनातल्या मनातसुद्धा नाही. तुला अक्षर आलं नाही याची मला जन्मभर हळहळ वाटली. आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.