एक थांबा पुढे

रविवार, ४ फेब्रुवारी

पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो! ओकारी नाही. मागच्या रविवारी पेट्रोलपंपाशी उतरलो होतो, आज त्याच्या पुढचा थांबा. टाकीखालच्या बाकावर बसून केळी खाल्ली आणि समोरून येणाऱ्या बसने घरी परत. झाली सहल! टिचकी खूश. मीही.

आमच्या या सात वर्षांच्या कन्येला बस लागते. बसच कशाला, गाडी, रिक्षा, काहीही. आमची ही, म्हणजे बायको, औषधाच्या दुकानात कामाला, तिने गोळ्या आणून पाहिल्या. पोरगी अशी झोपली की उतरताना पोत्यासारखी खांद्यावर टाकून आणली. शेवटी मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. लिफ्टचे दोर बदलले की आम्ही ती एकदम वरच्या मजल्यावर पळवत नाही. आधी रिकामी, सावकाश, एकेक मजला. तसंच पोरीचं. दर रविवारी एक थांबा पुढे. शेवटच्या थांब्यावर माझ्या आईचं घर.

आधी आईच यायची आमच्याकडे, दर महिन्याला, दोन्ही हातांत पिशव्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने बसचं नावच टाकलं. डॉक्टर म्हणतात, आता चाला, फिरा, काही होत नाही. आई म्हणते, पलंग ते खिडकी, संपला माझा प्रवास. टिचकीने आजीचं घर अजून पाहिलेलं नाही. दोघी फोनवर तासन् तास बोलतात आणि फोन ठेवला की टिचकी विचारते, आता किती थांबे राहिले?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

शेजारचे विमानवाले परत आले. त्यांचं दोन वर्षांचं कार्टं चार देश फिरलंय! मी हिला म्हटलं, त्याला काय कळणार, त्याला विमानतळ आणि बाथरूम सारखंच. ही म्हणाली, जळू नकोस. जळत नाही. थोडा जळतो.

जिन्यात शेजारीणबाईंनी विचारलं, तुम्ही कुठे जाऊन आलात का? मी 'कामामुळे जमलं नाही' म्हणणार एवढ्यात टिचकीने ठणकावून सांगितलं, "आम्ही पाण्याच्या टाकीला गेलो होतो!" बाईंना ते एखादं हॉटेल वाटलं असावं. छान आहे का, म्हणाल्या. टिचकी म्हणाली, खूप छान, बाकसुद्धा आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी

फजिती. माझं काही चुकलं नव्हतं. बस सुटल्यापासून डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. मळमळतंय का? नाही. पोटात कसंतरी होतंय का? नाही. तोंडाला पाणी सुटतंय का? नाही. चौथ्यांदा विचारलं आणि उत्तर थेट माझ्या शर्टावर. टाकीसुद्धा आली नव्हती! कंडक्टरने वर्तमानपत्र पुढे केलं. आता ओळखीचा झालाय.

संध्याकाळी आईचा फोन. कुठवर आलात? म्हटलं, एक थांबा मागे. खूप हसली. मग म्हणाली, "मी आहे तोवर याल ना रे?" तेही हसतच म्हणाली. पण म्हणाली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

ठरलं. परवा पुन्हा पेट्रोलपंप. ही म्हणते, ताकही किती फुंकून प्यायचं! पिणार.

रविवार, १८ फेब्रुवारी

पेट्रोलपंप. ठीक. कंडक्टर म्हणाला, साहेब, तुम्ही पासच काढून टाका. टिचकीने पंपावर गाड्यांच्या चाकांत हवा भरताना बघितली, तेवढ्यावर तिचा दिवस सोन्याचा झाला. विमानवाल्यांना कळवावं म्हणतो.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

काय लिहू!

आज शाळेची सहल होती. मत्स्यालय. ते आईच्या घराच्याही पुढे! मी नको म्हणत होतो. ही म्हणाली, जाऊ दे तिला. सकाळी बाईंना फाटकापाशी गाठून सगळं समजावलं, पिशव्या दिल्या, लिंबू दिलं, बदलायला फ्रॉक दिला. बाई 'बरं, बरं' म्हणत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष भिंतीवर चढलेल्या दुसऱ्या एका पोराकडे.

दिवसभर एकही काम धड झालं नाही. संध्याकाळी टिचकी उड्या मारत उतरली. फ्रॉक तोच. पिशव्या तशाच. लिंबू कुणाला तरी देऊन टाकलं. सगळ्यात मागच्या बाकावर बसून जाताना-येताना गाणी म्हणाली म्हणे!

मी विचारलं, मळमळलं नाही? नाही. अजिबात? अजिबात. मग आमच्याबरोबरच कसं गं होतं? तिने जरा विचार केला.

"तिथे कोणी विचारलंच नाही, बाबा."

ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते. म्हटलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, संशय होता. मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुम्ही दोघं रविवारी इतके खुशीत निघायचात. मला ते मोडवेना."

राग आला. जेवेपर्यंत टिकला नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

हिची अट — मी पुढे ड्रायव्हरच्या मागे, त्या दोघी शेवटच्या बाकावर, आणि मान वळवायची नाही. वळवली नाही! पेट्रोलपंप गेला. टाकी गेली. मग ते सगळे थांबे, जे मी उन्हाळ्यापर्यंत पुरवून पुरवून काढणार होतो, भराभर गेले. खरं सांगायचं तर जरा वाईटच वाटलं. मागून गाणं ऐकू येत होतं.

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. आई खिडकीतच होती. टिचकीला पाहून रडली, मग रडल्याबद्दल आम्हालाच रागावली. टिचकीने सगळं घर पालथं घातलं आणि पलंगावर उभी राहून विचारलं, आजी, एवढ्याशा जागेत तू दिवसभर करतेस काय?

निघताना म्हणाली, मी राहते. उद्यापासून शाळेला आठवडाभर सुट्टी. आईने माझ्याकडे असं पाहिलं की नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तरी मी सुरू केलंच — घाबरलीस तर, ताप आला तर — हिने दंडाला धरून बाहेर काढलं.

घर फार शांत आहे, करमत नाही. टिचकी आजीकडे आहे, आणि मला बरं वाटतंय. दोन्ही खरं आहे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दुपारी कामावरून आईला फोन लावला. टिचकीने उचलला. मागे इंजिनाची घरघर.

"आत्ता नको, बाबा. आजी बसमध्ये बसलीय. खिडकी तिलाच दिलीय."

फोन बंद. दोघी कुठे चालल्यात, ते विचारायचं राहूनच गेलं.